गॅदरिंग संपलं, पुढे काय?



डिसेंबर उजाडला की आपल्या एरंडोल तालुक्यात कोणत्याही गावात जा, शाळेतून गाण्याचा आवाज येतोच. गॅदरिंगची तयारी सुरू असते. वर्गणी, भाड्याचे ड्रेस, साउंड, मंडप, सगळी धावपळ. आणि त्या रात्री पटांगण कसं भरतं बघा! पालक सभेला बोलावलं तर पंधरा-वीस जण येतात, त्यातही निम्मे सही करून निघतात. गॅदरिंगला मात्र आजी-आजोबा, शेतावरून आलेली माणसं, लेकरू कडेवर घेतलेल्या आया, सगळं गाव हजर असतं. वर्षभरात शाळेसमोर अख्खं गाव बसतं ते त्या एकाच रात्री.

आणि त्या रात्री आपण गावाला काय दाखवतो? दहा सिनेमाची गाणी, एक देशभक्तीचं गीत, एक कोळीनृत्य. मधेच "बेटी बचाओ"ची पाच मिनिटांची नाटिका. टाळ्या होतात, बक्षिसं वाटली जातात, मंडप निघतो. आणि पुढच्या जूनमध्ये हजेरी घेताना लक्षात येतं की त्या नाटिकेत काम केलेल्या मुलींपैकी एखादी शाळेत आलेलीच नाही. चौकशी केली की उत्तर येतं, "सर, तिचं जमलं."

मुलांनी नाचू नये, असं माझं म्हणणं नाही. नाचावं, खुशाल नाचावं. तो त्यांचा हक्कच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. कलेतून समाज बदलतो, असं आपण भाषणात नेहमी म्हणतो. पण नेमका कसा बदलतो आणि आपल्या नाटिकेनं का बदलत नाही, याचा विचार आपण करतो का?

आपल्याच गावाची गोष्ट

एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, असं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. पद्मालयाच्या जंगलात भीमानं बकासुराला मारलं, ही आख्यायिका इथल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. आपण ती भीमाच्या ताकदीची गोष्ट म्हणून सांगतो. वर्गात ती जरा वेगळ्या बाजूनं सांगून बघा.

बकासुर रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस खायचा. गावानं काय केलं? पाळी लावली! आज या घरचा, उद्या त्या घरचा. अन्याय होता, पण तो अगदी शिस्तीत, नियमानं वाटून घेतलेला होता. ज्याच्या घरी पाळी तो रडायचा, बाकीचे सुटकेचा श्वास टाकायचे. भीमाच्या आधी कुंतीनं एक काम केलं. ज्या घरात ते राहत होते त्या घरातलं रडणं तिनं ऐकलं आणि "काय झालं?" असं विचारलं.

मला वाटतं, कलेचं काम कुंतीचं आहे. राक्षस मारणं तिच्या एकटीच्या हातात नसतं. पण ज्या गोष्टीची गावाला सवय झाली आहे, ज्यासाठी गावानं पाळी लावून ठेवली आहे, त्याबद्दल चारचौघांत "हे काय चाललंय?" असं विचारायला लावणं तिला जमतं. बालविवाह ही अशीच लावलेली पाळी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या महिलांपैकी २१.९ टक्के महिलांचं लग्न १८ वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. म्हणजे पाचातली एक. वर्गात पंचवीस मुली असतील तर त्यातल्या पाच कोणत्या, एवढाच प्रश्न उरतो.

ज्यांनी खरंच बदल घडवला, त्यांनी काय केलं?

महाराष्ट्राला हे नवं नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये "तृतीय रत्न" हे नाटक लिहिलं. एका गरोदर शेतकरी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहदशेची भीती घालून जोशी कसा लुबाडतो, त्याची ही गोष्ट. विदूषक मधेमधे बोलतो आणि प्रेक्षकाला विचार करायला लावतो. पण शेवट बघा. त्या नवराबायकोला आपण का फसलो ते कळतं आणि ते दोघं रात्रीच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतात. आणि ती शाळा नुसती नाटकात नव्हती! त्याच वर्षी फुले दांपत्यानं शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. नाटक बघून एखाद्याला वाटलं, "आपणही शिकावं," तर जायला दार उघडं होतं.

गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. बाबा गावात आले की आधी हातात खराटा. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनाला उभं राहायचं. वऱ्हाडी बोलीत, लोकांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. समोरच्याला "मी उपदेश ऐकतोय" असं वाटायचंच नाही. आणि कीर्तनानंतर? धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. कीर्तनाची वीट झाली आणि विटेची शाळा झाली, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्या शेजारच्या अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिकवणारे साने गुरुजी तर आपल्या घरचेच. छात्रालयात ते मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे. गोष्टी, गाणी, थोरांची चरित्रं रोज. आणि त्याच हातांनी मुलांचे कपडे धुवायचे, खोल्या झाडायचे. पुढे १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल स्थापन झालं आणि त्याच्या कलापथकांनी गाणी, पोवाडे, लोकनाट्यं गावोगाव नेली. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा काढून लोकांची मनं तयार केली आणि मग १ मे १९४७ ला उपोषणाला बसले. १० मे ला उपोषण सुटलं ते मंदिर खुलं करण्याचं मान्य झाल्यावरच. म्हणजे आधी मन वळवणं आणि मग स्वतः किंमत मोजणं. एकट्या गाण्यानं मंदिर उघडलं नसतं. पण लोकांची मनं आधी हलली नसती, तर एकट्या उपोषणानं तरी ते किती टिकलं असतं?

अलीकडचं उदाहरण घ्यायचं तर १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकरांचं "मुलगी झाली हो" रंगमंचावर आणलं. साधे कपडे, गाणी, नेपथ्य जवळजवळ नाहीच. हे नाटक चाळीत, मैदानात, गावात, कुठेही व्हायचं. त्याच संघटनेनं पुढे कुटुंब सल्ला केंद्रंही चालवली. नाटक बघून रडलेल्या बाईला "आता मी कुठे जाऊ?" याचं उत्तर त्यांच्याकडे होतं.

या चारही उदाहरणांत मला तीन गोष्टी सारख्या दिसतात. एक, भाषा लोकांची होती. दोन, सांगणारे लोक आधी स्वतः काम करत होते. तीन, कार्यक्रम संपल्यावर जायला एक दार होतं: शाळा, धर्मशाळा, मंदिर, सल्ला केंद्र. आता आपली पाच मिनिटांची नाटिका या तीन कसोट्यांवर लावून बघा. छापील पुस्तकी मराठी, वर्षातून एकदाच घेतलेला विषय आणि शेवटी घोषणा. घोषणेनंतर पडदा. दार कुठेच नाही.

आपल्याकडे काय नाही?

"आमच्याकडे कुठे कलाकार?" असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. खान्देशात कलेला तोटा नाही, आपलं लक्ष नाही एवढंच.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या मुली गुलाबाईची गाणी म्हणतात. महिनाभर, रोज संध्याकाळी, घरोघर, टिपऱ्यांच्या तालावर. त्या गाण्यांत काय असतं? सासुरवास, माहेरची ओढ, नणंद, सासू, न आलेला भाऊ. थोडक्यात, लहान वयात परक्या घरी गेलेल्या मुलीचं दुःखच या मुली पिढ्यानपिढ्या गात आल्या आहेत! आपण बाहेरून "बालविवाह प्रतिबंध" विषयाची नाटिका शोधत बसतो आणि तो विषय आपल्या अंगणात टिपऱ्या वाजवत असतो. जळगावात भुलाबाई महोत्सव भरतो, त्यात शाळांच्या मुली जुन्या चालींवर नवे सामाजिक विषय गुंफून गाणी सादर करतात. हेच आपल्या गावातल्या ओट्यावर का होऊ नये?

आखाजीचंही तसंच. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. सालदारांचं नवं साल त्याच दिवसापासून धरतात. आणि त्याच आखाजीला पत्त्यांचे डाव बसतात, मुहूर्त चांगला म्हणून लहान वयातली लग्नंही लावली जातात. एकाच सणात झोका आहे आणि फासही आहे. दोन्ही आपलंच आहे, हे मुलांना मोकळेपणानं बोलू द्यायला हवं.

शिवाय वहीगायन आहे, सोंगाड्या पार्ट्या आहेत, कानबाईच्या रात्रीची गाणी आहेत. आदिवासी वस्तीतल्या मुलांकडे त्यांची स्वतःची नाच-गाणी आहेत. आणि सगळ्यांत मोठं उदाहरण आसोद्याच्या बहिणाबाईंचं. १८८० चा जन्म, अक्षरओळख नाही. शेत, जातं, विहीर, घरोटं हेच त्यांचे विषय आणि घरातली बोली हीच भाषा. त्या गेल्या १९५१ मध्ये आणि त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली १९५२ मध्ये. तोवर ती घरातच होती. आज आपल्या गावात अशा किती आज्या असतील ज्यांच्याकडे कोणी वही-पेन घेऊन गेलंच नाही?

भाषेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या मुलांची घरची बोली अहिराणी. शाळेत आलं की आपण ती दुरुस्त करतो. स्टेजवर तर अहिराणी फक्त हसवण्यापुरती येते. नोकराच्या किंवा बावळट पाहुण्याच्या तोंडी! ज्या भाषेत आई रडते, ती भाषा फक्त विनोदाला वापरली तर त्या आईचं रडणं स्टेजवर येणार कसं? "माझं दप्तर कुठे आहे?" असं मुलीनं म्हटलं तर तो संवाद वाटतो. तीच मुलगी "मनं दप्तर कोठे शे, माय?" म्हणाली, तर समोर बसलेल्या आईला ती आपली लेक वाटते.

प्रेक्षकाला उठवा

ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल या नाटककारानं एक साधी युक्ती काढली. अन्यायाचा एक प्रसंग करून दाखवायचा, शेवट वाईट ठेवायचा. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा आणि प्रेक्षकांना सांगायचं, जिथे वाटेल तिथे थांबवा आणि स्वतः येऊन त्या पात्राच्या जागी वेगळं वागून दाखवा. सत्तरच्या दशकात पेरू देशात साक्षरता मोहिमेत त्यांनी हे वापरलं. पुढे रिओ शहराचे नगरसेवक झाल्यावर लोकांच्या अशाच नाटकांतून आलेल्या सूचनांचे त्यांनी कायदे करून घेतले. आपल्याकडे बंगालमध्ये "जन संस्कृती" ही १९८५ मध्ये सुरू झालेली संस्था खेड्यापाड्यांत हेच काम करते आहे.

आपल्या गावात हे कसं होईल, बघा. प्रसंग साधाच. आठवीतली मुलगी, स्थळ आलंय, मुलगा चांगला आहे, हुंडा नको म्हणतात. बाप म्हणतो, "पुन्हा असं स्थळ येणार नाही." आई गप्प. मुलगी गप्प. लग्न ठरतं. इथे थांबायचं आणि समोर बसलेल्यांना विचारायचं: यातल्या कोणी, कुठे, काय वेगळं बोलायला हवं होतं? एखादी आजी उठेल. एखादा मामा उठेल. एखादा बाप रागानं म्हणेल, "तुम्हाला बोलायला काय जातं? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" येऊ द्या त्यालाही स्टेजवर. कारण बापाची भीती खरी आहे. बस नाही, हायस्कूल लांब आहे, रस्त्यात पोरं त्रास देतात. या भीतीवर घोषणेचा काही उपयोग नाही, त्यावर बोलावं लागतं. आणि मग "मुलींना बस हवी" हा ठराव त्याच रात्री, त्याच पटांगणात जन्माला येऊ शकतो.

दार उघडं ठेवायचं म्हणजे काय?

यासाठी नव्या योजनेची वाट बघायला नको. हाताशी काय आहे ते मोजू.

शिक्षण हक्क कायद्यानं दिलेली शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाची नेमणूक असते, अंगणवाडी ताई मदतीला असतात. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कलेतून शिक्षण आणि सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना असं सांगितलेलंच आहे. म्हणजे वेळही आहे, कायदाही आहे.

मी सुचवतो ते एवढंच. वर्षाला एकच प्रश्न घ्यायचा, दहा नाही. जून-जुलैत मुलांनी आजी, आई, मावशीकडून जुनी गाणी लिहून आणायची आणि "तुझं लग्न कितव्या वर्षी झालं, पुढे शिकायचं होतं का?" हे विचारायचं. गुलाबाईच्या महिन्यात मुलींनी जुन्या चालींवर स्वतःची कडवी रचायची आणि ओट्याओट्यावर म्हणायची. दिवाळीनंतर प्रसंग बसवायचा, मुलगे-मुली दोघांनी मिळून, कारण लग्नाची बोलणी करणारे उद्या हेच मुलगे असणार आहेत. गॅदरिंगला तो प्रसंग अख्ख्या गावासमोर. त्या रात्री ग्रामसेवक, अंगणवाडी ताई आणि शाळा समितीच्या दोन महिला पहिल्या रांगेत. शेवटी गाव जे बोलेल ते फळ्यावर लिहायचं आणि पुढच्या सभेत मांडायचं. जूनमध्ये हजेरीत किती मुली परत आल्या तो आकडाही त्याच फळ्यावर. त्या कामाचा तोच निकाल.

खर्चाचं म्हणाल, तर १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन झालं, ते आठवा. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस शांतिनिकेतनहून आले आणि बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून त्यांनी अधिवेशनाची नगरी सजवली. सारा देश तिथे आला होता. एवढ्या मोठ्या कामाला खान्देशचा बांबू पुरला, तर आपल्या गॅदरिंगला भाड्याची लायटिंग हवीच का?

काही खबरदारी, काही आक्षेप

ज्या मुलीच्या घरी खरंच स्थळ आलंय, तिची गोष्ट स्टेजवर आणू नका. नाव बदललं तरी गाव ओळखतं. अशा वेळी नाटक बाजूला ठेवून कायद्याची आणि माणसांची मदत घ्यायची. एखाद्या जातीकडे किंवा समाजाकडे बोट दाखवणारा संवाद नको. पात्रात सगळ्या आळ्यांतली, सगळ्या धर्मांची मुलं हवीत आणि ढोल वाजवणाऱ्या घरातल्या मुलाला फक्त ढोलच देऊ नका, कधी सरपंचही करा.

"अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा?" असा प्रश्न येईल. मुलाखत घेणं, संवाद लिहिणं, कडवी रचणं, आकडे मांडणं हे मराठीत आणि गणितात येत नाही का? "शिक्षकानं गावाच्या भानगडीत पडू नये," असंही ऐकायला मिळेल. त्यात तथ्य आहे. शिक्षक एकटा पडला तर त्याला त्रास होतो. म्हणूनच शाळा समिती, महिला मंडळ आणि पालक बरोबर हवेत, नाहीतर सुरुवातच करू नये. आणि "परंपरेत ढवळाढवळ" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा, गुलाबाईच्या गाण्यात पहिल्यांदा सासूची तक्रार ज्या मुलीनं जोडली, तिनं कोणाची परवानगी घेतली होती?

पालकांना एक वेगळी विनंती. मुलीच्या नाचाचा व्हिडिओ स्टेटसला ठेवता, छान वाटतं. पण ती शेवटी काय म्हणाली, ते घरी गेल्यावर तिला एकदा विचारा. आणि ती बोलेल तेव्हा मधे बोलू नका.

यंदा भाद्रपद पौर्णिमा येण्याआधी आपापल्या शाळेत एक कोरी वही ठेवूया. पहिल्या पानावर गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीचं गाणं, शेवटच्या पानावर पुढच्या जूनची मुलींची हजेरी. मधली पानं मुलं भरतील. तुमच्या गावात कोणती गाणी आहेत, कोणता प्रश्न तुम्ही घ्याल, ते जरूर कळवा.